गाडी गरम असताना

एकदा एक जुनी पिकअप तिसऱ्यांदा त्याच गॅरेजात परत आली, आणि तीही ट्रॅक्टरला दोरखंडाने बांधून. गॅरेज घाटाच्या पायथ्याशी, अगदी हमरस्त्याला लागून होते. त्यामुळे ही मिरवणूक सगळ्यांनी पाहिली. वाहनाने बिघडावे, हा वाहनाचा धर्मच आहे. पण ‘झाली, घेऊन जा’ म्हणून दिलेले वाहन दोरीला बांधून परत येते, तेव्हा देणाऱ्याला तोंड लपवायला जागा उरत नाही.

देणाऱ्याचे नाव भागवत. वय चौतीस. गॅरेजचे मालक बाबालाल मेस्त्री यांच्या हाताखाली त्याने अकरा वर्षे काढली होती. मेस्त्रींनी सत्तरी ओलांडली होती, नजर अधू झाली होती. सारे काम भागवतवर सोपवून ते मागच्या खोलीत खाटेवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकत. भागवत त्यांना वस्ताद म्हणे. तो प्रामाणिक होता, कामाला वाघ होता. दोष एवढाच, की आपल्याला आता सगळे कळते अशी त्याची हळूहळू खात्री होत चालली होती. हा दोष आपल्यापैकी कोणात नाही, ते सोडा. आपण गाडीचे बघू.

गाडी इंदूअक्कांची. या पन्नाशीच्या बाईंची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी होती. पती निवर्तल्यानंतर त्या स्वतः गाडी शिकल्या. ट्रेमध्ये वाढवलेली मिरची-टोमॅटोची कोवळी रोपे मागे रचायची आणि शेताशेतावर नेऊन उतरवायची, हा त्यांचा दिनक्रम. एका शेतावर अर्धा तास थांबायचे, मग पुढचे शेत. आणि गाडीचे दुखणे नेमके तिथेच होते. सकाळी ती हाक मारताच उठे. पण एकदा तापली आणि अर्धा तास बंद राहिली, की पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नसे. शिवाय तापल्यावर कुठे नुसती उभी केली, तरी इंजिन गुदमरल्यासारखे करून आपोआप बंद पडे.

भागवतने दोनदा तिच्यावर मेहनत घेतली होती. पहिल्यांदा त्याने बॅटरी बदलली आणि सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटार, खोलून स्वच्छ केली. दुसऱ्यांदा डिझेलचा फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली आणि गाडी उभी असताना बंद पडू नये म्हणून रेसचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून ठेवला. दोन्ही वेळा भल्या सकाळी चावी फिरवून पाहिली. दोन्ही वेळा गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. दोन्ही वेळा तो म्हणाला, “झाली अक्का. निर्धास्त जा.”

आणि आज फाल्गुनातल्या टळटळीत दुपारी इंदूअक्का पिकअपमधून उतरल्या, त्या सरळ भागवतच्या अंगावरच आल्या.

“निर्धास्त जा म्हनालास न्हवं? गेले की निर्धास्त! ये, बघ हिकडं. सहा हजार रोपं हायेत. माना टाकल्यात समद्यांनी!”

भागवतने मागे डोकावून पाहिले. ट्रेमधली हिरवी रोपे खरोखरच आडवी झाली होती. त्याने एक रोप बोटाने उभे करून पाहिले, ते पुन्हा पडले. पण सवय माणसाच्या आधी बोलते.

“अक्का, जरा दम खा. पाणी घ्या.”

“पानी मला न्हाई, त्या लेकरांस्नी पायजे हुतं! दुसऱ्या शेतावर बंद केली, ती केली. दोन तास झाले सेल्फ मारतीया. आन् मागल्या खेपेला तर, ऐक, त्या भुईमुगाच्या रानात…”

“अक्का, शांत व्हा बघू. गाडी निवू दे. उद्या सकाळी बघतो मी.”

“सकाळी ती सुरू हुतीच की रे! सकाळचं काय सांगतोस मला?”

हे वाक्य भागवतच्या कानावर पडले. आत मात्र गेले नाही. रागावलेल्या गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, त्याला गाडीसारखेच निवू द्यायचे, हा त्याचा रिवाज होता. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक शांत होऊन येई, ‘बघ बाबा काय ते’ एवढेच म्हणे आणि काम सुरळीत होई. या युक्तीचा भागवतला अभिमानही होता.

“उद्या मला तीन शेतांवर पंधरा हजार रोपं द्यायची हायेत,” अक्का म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता आणि तो ऐकायला जास्त कठीण होता. “मान्सं रान तयार करून बसल्यात. उद्या पुन्ना ही वाटंत बसली, तर परवा गाडी भंगारात आन् नर्सरीला कुलूप. माझ्यानं आता हुईना बाबा.”

भागवतने गाडीत चढून चावी फिरवली. आणि काय सांगावे! गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. तासभर दोरीवर रखडत आलेली ती, वाटेत चांगली निवली होती. पलीकडच्या पानटपरीवर कोणीतरी फिसकन हसले. इंदूअक्का तिथल्याच एका टायरवर बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“म्हंजे मीच खोटी,” त्या म्हणाल्या.

भागवतला फार वाईट वाटले. पण खरे सांगायचे, तर मनाच्या एका कोपऱ्यात त्याला थोडे बरेही वाटले. सुरू तर झाली ना? मग आपले काय चुकले? माणूस असा असतो.

तेवढ्यात मागच्या खोलीचा पडदा हलला आणि बाबालाल मेस्त्री काठी टेकत बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिलेच नाही. ते आधी अक्कांकडे गेले.

“बाई, तू खोटी नाहीस. मी आतून सगळं ऐकलं.” मग ते भागवतकडे वळले. “ट्रे उतरव. कडुनिंबाखाली सावलीत ठेव आणि त्यांवर पाणी मार. मग तो रेसचा स्क्रू मूळ जागी आण.”

“वस्ताद, तो सैल केला तर तापल्यावर गाडी उभ्या उभ्या बंद पडेल.”

“पडू दे.”

“म्हणजे केलेलं काम मुद्दाम बिघडवायचं?”

“ती बिघडलेलीच आहे रे. तू नुसता तिच्या तोंडावर हात ठेवलायस. तो काढ.”

भागवतचा चेहरा उतरला. अकरा वर्षांत वस्तादांनी त्याचे केलेले काम असे चारचौघांत कधी उलटवले नव्हते. तरी त्याने निमूटपणे स्क्रू सैल केला. मेस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. कोपऱ्यात पडलेले चार जुने गिअरबॉक्स त्यांनी पिकअपच्या मागे चढवायला लावले. एक पाण्याचा डबा भरून घेतला, एक जुने सुती फडके खांद्यावर टाकले आणि म्हणाले, “चला, घाट चढून येऊ. बाई, तूच चालव. भागवता, तू खिडकीपाशी बस. मी मधे बसतो.”

म्हाताऱ्याचे डोके ठिकाणावर आहे ना, असे भागवतच्या मनात येऊन गेले. भर दुपारी, रिकामी गाडी मुद्दाम ओझे भरून, मुद्दाम चढावर न्यायची, आणि सोबतीला एक संतापलेली बाई! पण वस्तादांपुढे बोलायची सोय नव्हती.

गाडी चढू लागली. मेस्त्री अक्कांना म्हणाले, “आता बोल. मघाशी अर्धंच राहिलं तुझं. भागवतला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही दे, पण काही गाळू नको.”

अक्कांना तेवढेच हवे होते. पहिल्या तीन वळणांपर्यंत नुसता भागवतचा उद्धार झाला. तो खिडकीबाहेर बघत बसला. पण नवल असे, की चौथ्या वळणानंतर त्या शिव्यांच्या मधून मधून गाडीची एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. दोन शेतांमध्ये पाच मिनिटेच थांबले, तर गाडी सुरू होते. अर्धा तास थांबले, की नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, काही दुरुस्ती न करताही, चावी फिरवताच सुरू होते. सेल्फ मात्र दरवेळी खणखणीत फिरतो.

“आन् त्या भुईमुगाच्या रानाचं सांगत हुते तवा ह्यो म्हनाला, उद्या बघतो. तिथं तुषार चालू हुते. गाडीचं तोंड नेमकं फवाऱ्यात आलं. जाळीतनं आत समदं इंजान भिजलं. मला वाटलं, आता तर मेलीच. तर भर दुपारी झाली की वो सुरू! मला वाटलं, भूतबीत हाय का काय हिच्यात!”

मेस्त्री गालातल्या गालात हसले. भागवत खिडकीबाहेरून आत वळला. हे त्याने आजवर ऐकले नव्हते. ऐकले नव्हते कसे? ऐकू दिले नव्हते.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. अक्कांनी गाडी कडेला घेतली, पण चावीवरचा हात काही काढेनात. इंजिन थरथरत, आता बंद पडते की मग, असे धापा टाकत होते.

“बंद कर,” मेस्त्री म्हणाले.

“नगं वो मेस्त्री. दोन म्हयनं झालं, वाटंत मी हिला बंदच करीत न्हाई. बंद केली आन् पुन्ना सुरूच झाली न्हाई तर? शेतावर उतरवायला तेवढी नाइलाजानं करते. भाकर बी हिच्याशेजारी उभ्यानं खाते, कान हिच्याकडं ठिवून.”

“म्हणूनच बंद कर.”

अक्कांनी देवाचे नाव घेऊन चावी फिरवली. तिघांनी चहा घेतला. मेस्त्रींनी सावकाश दुसरा घेतला. भागवतचे लक्ष चहात नव्हते. अर्ध्या तासाने मेस्त्री म्हणाले, “आता मार सेल्फ.”

सेल्फ जोरात फिरला. फिरतच राहिला. इंजिनाने दाद दिली नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. दोनदा दुरुस्त करूनही आपण हे दुखणे स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिलेच नव्हते, हे भागवतला त्या क्षणी उमगले. तो पान्हा घेऊन धावला. मेस्त्रींनी त्याचे मनगट धरले.

“काही खोलू नको. आधी मागे जा. बाई, सेल्फ मार. भागवता, सायलेन्सरमधून धूर येतोय?”

“नाही वस्ताद. एक ठिपकासुद्धा नाही.”

“सेल्फ फिरतोय, म्हणजे बॅटरी ठीक आणि सेल्फही ठीक. धूर नाही, म्हणजे इंजिनाच्या पोटात डिझेल पोचतच नाही. इंजिनाला डिझेल दाबाने कोण पोचवतं?”

“डिझेल पंप.”

मेस्त्रींनी खांद्यावरचे फडके पाण्यात भिजवले, पिळले आणि भागवतच्या हाती दिले. “पंपावर घाल. भडाभडा पाणी ओतू नको, तापलेल्या धातूला तडा जाईल. नुसतं फडकं ठेव, सुकलं की पुन्हा ओलं कर.”

भागवतने बोनेट उघडून तापल्या पंपावर फडके ठेवले. त्यातून वाफ निघाली. दहा-बारा मिनिटे तो वाकून उभा होता, फडके ओले करत होता. टपरीवाला चुलीचा भाता थांबवून बघत होता.

“मार आता.”

एक फेरा, दोन फेरे. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा एक लोट निघाला आणि इंजिन धडधडून उभे राहिले.

“अगं माझे बाई!” इंदूअक्का ओरडल्या. चावी सोडून त्या खाली उतरल्या, रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या आणि हसता हसता रडू लागल्या. “म्हंजे मी येडी न्हाई. म्हंजे भूत न्हाई. फडकं ठिवलं की सुरू हुती म्हंजे दुखनं खरं हाय!”

भागवत मात्र हसला नाही. त्याने बोनेट लावले आणि वस्तादांसमोर येऊन खाली मान घालून उभा राहिला.

“पंप आतून झिजलाय,” तो म्हणाला. “गार असतो तेव्हा डिझेल दाट असतं, धरून राहतं. तापला की डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून आतल्या आत परत जातं. दाबच तयार होत नाही. म्हणून उभी असताना गुदमरते, आणि म्हणूनच सुरू होत नाही. मी रेस वाढवून ते झाकून टाकलं. पण वस्ताद, मी चुकलो कुठे? तुम्हीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं, गरम इंजिनला हात लावायचा नाही म्हणून.”

बाबालाल मेस्त्री दगडाला काठी टेकून उभे होते. ते म्हणाले:

“शिकवलं होतं. तू रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेतला होतास, त्या दिवशी. ते आजही खरं आहे. पण लेका, हात लावू नको म्हणालो होतो, जवळ बसू नको असं नव्हतो म्हणालो. दुखणं गरमपणातच होतं, आणि तू दोन्ही वेळा सकाळी, ते पुसून गेल्यावर तपासायला बसलास. इंजिनाचं जाऊ दे. ही बाई तापून आली, तेव्हा तिच्याजवळ सगळं होतं. वेळ होती, जागा होती, तो फवारासुद्धा होता. तू म्हणालास, निवा आणि मग बोला. निवलेलं माणूस काय बोलतं? ‘बघ बाबा काय ते’ म्हणतं. तेवढ्यावर कुणाची दुरुस्ती होते?”

एवढेच ते बोलले. मग त्यांनी चहाचे पैसे विचारले आणि गाडीत जाऊन बसले.

गॅरेजात परतले तेव्हा ऊन कलले होते. भागवत आधी कडुनिंबाखाली गेला. ट्रेमधल्या रोपांनी, सगळ्यांनी नाही पण बहुतेकांनी, पुन्हा माना वर केल्या होत्या. त्याने एकेक ट्रे बोटाने चाचपून पाहिला.

पंप दुरुस्त करायचा तर जिल्ह्याच्या गावी पंपाच्या कारागिराकडे न्यायला हवा होता. त्याला चार दिवस लागणार, आणि शेते तर उद्याच गाठायची होती. भागवतने अक्कांना पंप दाखवला, फडके कसे ठेवायचे ते दाखवले, त्यांच्या हातून दोनदा करून घेतले आणि पाण्याचा डबा सीटखाली ठेवून दिला. या वेळी ‘निर्धास्त जा’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

“मी फोनजवळ बसून राहतो,” तो म्हणाला. “दुसऱ्या शेतावर पोचलात की लावा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खरोखर फोन मांडीवर घेऊन बसला. साडेबाराला फोन वाजला. पलीकडून आधी सेल्फचा आवाज आला, एक फेरा, दोन फेरे, आणि मग इंजिनाची धडधड. भागवतने डोळे मिटून घेतले. मागच्या खोलीतून वस्तादांनी विचारले, “झाली?” तो म्हणाला, “झाली वस्ताद.”

चार दिवसांनी पंप बसला. रेसचा स्क्रू मूळ जागीच राहिला आणि गाडी उभी असताना अशी शांत चालू लागली की मेस्त्रींनी खाटेवरून मान हलवली. आठवड्याने इंदूअक्का मिरचीच्या रोपांचा एक ट्रे घेऊन आल्या. गॅरेजच्या दारात त्यांनी गाडी बंद केली. चावी काढली, कमरेला खोचली आणि मागे वळूनही न पाहता आत आल्या.

“ही तुमच्या परसात लावा,” त्या भागवतला म्हणाल्या. “दोन म्हयन्यांत पैल्यांदा काल झाडाखाली बसून भाकर खाल्ली बघ. गाडी बंद करून, मांडी घालून. पानी पिऊन जरा आडवी बी झाले.” मग ट्रे खाली ठेवून म्हणाल्या, “त्या दिशी लई बोलले रे तुला. मनावर घिऊ नगंस.”

“अक्का, ते मी आधीच पुरतं ऐकून घेतलं असतं,” भागवत म्हणाला, “तर तुमची भाकर दोन महिने उभ्यानं झाली नसती.”

तो हे बोलत असतानाच एक टेम्पो करकचून दारात थांबला. चालक लालबुंद होऊन खाली उतरला आणि दुरूनच ओरडू लागला, “अरे, काय काम करता का चेष्टा करता?” मागच्या खोलीत पडदा किंचित हलला. भागवतने पान्हा खाली ठेवला, हात पुसले, एक स्टूल त्या माणसासाठी ओढले, दुसरे स्वतःसाठी, आणि म्हणाला, “बसा. सगळं सांगा. काही गाळू नका.”

पडदा पुन्हा स्थिर झाला.

आपल्या घरात आज कोणी तापले असेल, तर त्याच्या निवण्याची वाट पाहू नका. भाजणार नाही इतक्या अंतरावर, पण जवळ जाऊन बसा.